मायला कुठं ठेवायचं? गावाकडच्या लेकरांसाठी वृद्धाश्रमाचा हिशेब

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात ‘वृद्धाश्रम’ हा शब्द अजूनही कोणी मोठ्यानं उच्चारत नाही. शेजारीण दाराशी येते, इकडंतिकडं बघते आणि हळूच विचारते, “मॅडम, तुमच्या काकूले ठेवलं होतं थे... थे कुठं होतं वो?” मग मी चहा टाकते, कारण हे पाच मिनिटांत सांगून होत नाही.

गेल्या काही वर्षांत मी दोनदा ही शोधाशोध केली. आधी नवऱ्याच्या काकूसाठी, त्यांना मूलबाळ नव्हतं. नंतर माझ्या मायसाठी. काकूच्या वेळी जवळजवळ सगळं चुकलं. मायच्या वेळी जे जमलं ते त्या चुकांच्या जिवावर. त्यामुळे हे लिहिणं एखाद्या जाणकाराचं नाही, ठेच लागलेल्या बाईचं आहे.

चालत्या-फिरत्या माणसाचा महिना किती, हे फोनवरसुद्धा सगळे सांगतात. तोच माणूस अंथरुणाला खिळला तर महिना किती, आणि तेव्हा तुम्ही ठेवणार की परत पाठवणार, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. सगळा हिशेब त्या दुसऱ्या आकड्यावर बसवायचा.

१. आधी माणूस बघा, मग जागा

भाऊ पुण्याहून दिवाळीला आला की दोन दिवसांत निर्णय घेऊन टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. तसं करू नका. निदान आठवडाभर त्यांच्यासोबत राहा आणि नुसतं बघा. आंघोळ कोण करून देतं? रात्री लघवीला कितीदा उठतात, आणि उठताना कशाला धरतात? गॅस बंद करायचं लक्षात राहतं का?

मायचं मला कळलं ते गोळ्यांच्या पाकिटावरून. बीपीच्या दहा गोळ्यांचं पाकीट मी सोमवारी दिलं होतं. पुढच्या सोमवारी त्यात तीन उरायला हव्या होत्या, होत्या आठ. “घेतो ना वो रोज,” ती म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच वाटत होतं.

एक काम जागा शोधायच्या आधी करा. दवाखान्यात नेऊन डोळे, कान, दात, साखर, रक्तदाब सगळं एकदा तपासून घ्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात मोफत होतं. आमच्या मागच्या गल्लीतल्या काकाजींना पोरं आश्रमात पाठवायला निघाली होती, कारण ते रोज धडपडायचे. मोतीबिंदू काढला, चष्मा आला, आज ते एकटे बाजार करून येतात.

आश्रमवाले साधारण तीन खण करतात: स्वतःचं स्वतः करणारे, थोडा आधार लागणारे आणि अंथरुणावरचे. विसरण्याचा आजार असणारे हा चौथा खण, आणि त्यांना बऱ्याच ठिकाणी दारातूनच नाही म्हणतात. तुमचं माणूस कुठल्या खणात आहे हे स्वतःशी खरं बोला. प्रवेश मिळावा म्हणून “सगळं स्वतः करते” असं सांगितलं, तर आठ दिवसांत ते उघडं पडतं.

आणि त्यांना विचारा. मी मायला विचारलं तेव्हा ती आधी चिडली. माझ्याकडे यायला तयार नव्हती, “लेकीच्या घरचं पाणी पिऊन दिवस काढू का?” हे तिचं ठरलेलं. पुण्याला भावाकडे दोन महिने राहून आली होती, चौथ्या मजल्यावर तिचा जीव कोंडला होता. चार-पाच दिवस गेले आणि एका संध्याकाळी तीच म्हणाली, “बोलाले मानसं असन तं पाहू.” तिला दवाखाना नको होता, एसी नको होता, बोलायला माणसं हवी होती. जागा निवडताना ही एक ओळ आम्हाला फार कामी आली.

२. पैसा किती, त्याहून महत्त्वाचं म्हणजे कधी

शेतकऱ्याच्या घरचा पैसा वर्षातून दोन-तीनदा येतो. सोयाबीनचा दिवाळीच्या आसपास, कापसाचा त्यानंतर संक्रांत-होळीपर्यंत, मक्त्याचा, म्हणजे वावर (शेत) दुसऱ्याला कसायला दिल्याचा, गुढीपाडव्याला. आश्रमाची फी मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला लागते. पैसे आहेत पण जुलैत नाहीत, आणि जुलैत तर बी-खताचाच खड्डा पडलेला असतो. मी बघितलेल्या अर्ध्या भानगडी या तारखांच्या आहेत.

मायचा हिशेब सांगते. चार एकर कोरडवाहू वावर, मक्त्यानं एकरी १० हजार, म्हणजे वर्षाचे ४० हजार. पीएम किसानचे ६ हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६ हजार. एकूण ५२ हजार, महिन्याला सव्वाचार हजारांच्या वर थोडे. तिची फी ८,५००, औषधं आणि वरखर्च २ हजार. म्हणजे दरमहा सहा हजारांवर तूट. ती भावानं आणि मी अर्धी-अर्धी उचलली. हे आम्ही एका कागदावर लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. भाऊ हसला होता, पण वहिनीनं तो कागद जपून ठेवला आहे.

श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये ६५ वर्षांवरच्या निराधारांना मिळतात, अर्ज तहसीलमध्ये. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. मायचं उत्पन्न त्याच्या वर जात असल्यानं ती बसली नाही, काकू बसल्या होत्या. पैसे चालू राहावेत म्हणून दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आश्रमात गेल्यावर हे हमखास विसरतं आणि पैसे बंद झाल्यावर आठवतं.

हाताशी एकरकमी पैसा असेल, म्हणजे निवृत्तीचा किंवा जमीन संपादनात गेल्याचा, तर तो पोरांच्या धंद्यात जाण्याआधी पोस्टात न्या. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के व्याज आहे, मर्यादा ३० लाख, मुदत पाच वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी. दहा लाख ठेवले तर तिमाहीला २०,५०० रुपये. दरमहाच हवे असतील तर मासिक उत्पन्न योजना: ९ लाखांवर ७.४ टक्क्यांनी महिन्याला ५,५५०. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, म्हणून खातं उघडायच्या दिवशी खिडकीवर विचारून घ्या.

मक्त्याचे ४० हजार पाडव्याला एकदम आले की ते खात्यात तसेच ठेवू नका, उडतात. आम्ही त्यांच्या वेगवेगळ्या महिन्यांत संपणाऱ्या छोट्या-छोट्या एफडी पावत्या करतो.

आणि अनामत भरायला वावर विकू नका. एक एकर गेलं की त्याचा मक्ताही गेला, आणि म्हाताऱ्या माणसाचा शब्द घरात चालतो तो सातबारावर नाव असेपर्यंत. हे कडू आहे, पण चहा टाकते तेव्हा मी हेही सांगते.

३. पर्याय

घरीच ठेवणं. हा पर्याय आधी नीट तपासा, कारण पुष्कळदा तो पुरेसा असतो. न्हाणीत धरायला लोखंडी दांडा, रात्रीचा बल्ब, कमोडची खुर्ची, उंबरठा फोडून केलेला उतार. एवढ्यानं पडणं बरंच कमी होतं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या आणि वर्षाला दोन लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना एकदाच ३ हजार मिळतात, ते अशाच सामानासाठी आहेत. घरकामाला आणि सोबतीला बाई ठेवता येते. अडचण अशी की वेचणी लागली की ती बाई तुमच्याकडे येत नाही. किलोवर कापूस वेचून तिला दिवसाला जे मिळतं ते तुम्ही देणार नाही, आणि तिनं का सोडावं? म्हणजे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत दुसरी सोय लागते. हे आधी धरा.

पाळीनं ठेवणं. तीन भाऊ, तीन-तीन महिने. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात म्हातारीची पिशवी कधी सुटतच नाही, आणि औषधाची चिठ्ठी नेहमी आधीच्या घरी राहिलेली असते. मला हा प्रकार आवडत नाही.

अनुदानित वृद्धाश्रम. राज्यात सर्वसाधारण वृद्धाश्रम योजना १९६३ पासून आणि मातोश्री वृद्धाश्रम योजना १९९५ पासून आहे. संस्था चालवतात, समाजकल्याण खातं बघतं. मातोश्रीत काही जागा मोफत, काही फी घेऊन. यादी आणि जागा आहे का हे जिल्ह्याच्या सामाजिक न्याय भवनात, समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्तांच्या कार्यालयात विचारायचं. गावातल्या ओळखीच्या माणसामार्फत नको, स्वतः जा. इथं गाणी-भजनं, शेतातली कामं, बोलायला माणसं असतात. अंथरुणावरच्या माणसाचं करायला हात मात्र कमी असतात.

ट्रस्टचे फी घेणारे आश्रम. आमच्यासारख्यांसाठी बहुतेक वेळा हेच. मी वर्धा, अमरावती, नागपूर या बाजूला फिरले तेव्हा मला महिन्याला ६ ते १२ हजारांच्या मधले आकडे सांगितले गेले, खोली एकटीची की चौघींची यावर. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी विचारा. प्राप्तिकराची धर्मादाय नोंदणी असलेल्या आश्रमात, ६० वर्षांवरच्या माणसासाठी, राहणं-जेवण-देखभाल धरून महिन्याला २५ हजारांपर्यंतच्या फीवर जीएसटी लागत नाही. बिलावर लावला असेल तर का ते विचारा.

खाजगी केअर सेंटर. ही मोठ्या शहरात. परिचारिका असते, ऑक्सिजन असतो, अंथरुणावरच्यांना घेतात. मला १८ ते ३० हजार सांगितले, शिवाय जीएसटी. गावच्या पैशात हे वर्षानुवर्षं पेलत नाही. पण खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर दोन-तीन महिने ठेवायला उपयोगी.

ज्येष्ठांच्या वसाहतीत फ्लॅट. पोरं परदेशात असतील आणि नागपुरात राहायचं असेल तर. आमच्या गावातून अजून कोणी गेलेलं नाही म्हणून थोडंच सांगते. महारेरानं, म्हणजे राज्यातल्या बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणानं, २०२४ मध्ये अशा प्रकल्पांना किमान अटी घातल्या: चाकाची खुर्ची जाईल अशी ९०० मिलिमीटरची दारं, उतार, न घसरणारी फरशी, धरायला कठडे, लिफ्टला आणि सामायिक जागेला वीज गेल्यावरची सोय. जाहिरातीत ‘सीनियर लिव्हिंग’ लिहिलं आणि यातलं काही नसेल, तर तो साधा फ्लॅट आहे, भाव मात्र वरचा.

४. फीचा आकडा फोडून घ्या

“महिन्याला ८,५०० फक्त” असं म्हणाले की वही काढा. औषधं त्यात? नसतात. डॉक्टरची भेट? काही ठिकाणी आठवड्याला एक, पुढच्या भेटीचे वेगळे. धुणं, गरम पाणी, हिवाळ्यात दोनदा चहा, दवाखान्यात नेण्याची गाडी, सोबत जाणाऱ्या माणसाची मजुरी. डायपर लागला तर एक ३५-४० रुपयांना. दिवसाला तीन म्हटले तरी महिन्याला साडेतीन हजार, आणि ते बहुतेक तुम्हीच आणून द्यायचे असतात.

मग विचारा: फी दरवर्षी किती वाढते? दहा टक्के म्हणाले तर सातेक वर्षांत ती दुप्पट होते. मक्ता दुप्पट होणार नाही.

अनामत किती, परत किती दिवसांत, कशातून कापणार? इथं काकूची गोष्ट सांगावी लागते. एका शहराबाहेरच्या आश्रमात त्यांना ठेवलं तेव्हा ३० हजार अनामत म्हणून घेतले आणि पावती दिली देणगीची. आम्ही वाचलीसुद्धा नाही. अकराव्या महिन्यात त्या न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. दुपारी फोन आला, “तुमच्या पेशंटला घेऊन जा.” पेशंट! सकाळपर्यंत त्या त्यांच्या ‘आजी’ होत्या. ऑपरेशननंतर परत घ्यायला त्यांनी साफ नकार दिला, आमच्याकडे चालणारेच राहतात म्हणाले. आणि अनामत? देणगी परत होत नाही. पाच महिने फेऱ्या मारून दहा हजार हाती आले, गादी खराब झाल्याचे पैसे कापून.

काकूंना मग आम्ही घरीच केलं. शेवटचे सात महिने. जे टाळायला म्हणून आश्रम निवडला होता तेच आमच्या दारात आलं, फक्त २० हजार आणि एक हाड गमावून.

म्हणून मायच्या वेळी मी चार प्रश्न लिहून नेले आणि उत्तर लिहून मागितलं. अंथरुणाला खिळली तर ठेवणार का? तेव्हाची फी किती? दवाखान्यात भरती असेल त्या दिवसांची फी घेणार का, आणि खाट राखणार का? परत पाठवायचं झालं तर किती दिवस आधी सांगणार? एका ठिकाणचे व्यवस्थापक म्हणाले, “मॅडम, आताच कशाला असा विचार करता?” मी तिथून उठले. जिथं माय आहे तिथल्या बाईंनी वही उघडून दाखवली: तसं झालं तर १६ हजार, डायपर तुमचे, खाट पंधरा दिवस राखू. आकडा ऐकून पोटात गोळा आला, पण आकडा होता. त्या दिवसासाठी भाऊ आणि मी दरमहा दोन-दोन हजार वेगळे टाकतो.

५. नवतप्यात जा, दुपारी जा

सगळे आश्रम डिसेंबरात चांगले दिसतात. ऊन कोवळं, बागेत झेंडू, म्हातारी माणसं ओळीनं खुर्च्यांवर. मी मुद्दाम नवतप्यात गेले, मेच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी दोनला, न कळवता. आपल्याकडे तेव्हा पारा ४५ च्या पुढं असतो आणि म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याचं कळत नाही.

एका ठिकाणी दालनात दोन कूलर होते. दोन्हींचे पंखे फिरत होते, पण गवत कोरडं खडखडीत. टाकीत हात घातला तर तळाला चार बोटं हिरवं पाणी. कोपऱ्यातल्या खाटेवर एक आबाजी ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसले होते. मी विचारलं, दुपट्टा कोण ओला करून देतं? “मीच,” ते म्हणाले आणि पायाशी ठेवलेली बाटली दाखवली. तिथं मी पुढचं काही विचारलं नाही.

लाइन गेल्यावर काय चालतं हे विचाराच. “इन्व्हर्टर आहे” म्हणतात, पण त्यावर पंखे चालतात, कूलर नाही. जनरेटर आहे का, डिझेल असतं का? पाणी बोअरचं की टँकरचं?

न्हाणीत स्वतः आत जा, चप्पल काढून. पाय सरकतो का बघा, उंबरठा वीतभर आहे की सपाट, दांडा कंबरेच्या उंचीवर आहे की माळ्याच्या. कडी आतून लागत असेल तर बाहेरून उघडते का?

माणसांची नखं बघा. हे मला एका परिचारिकेनं शिकवलं. जाहिरात, फरशी, देवघर कशावरही जाऊ नका, पायाच्या नखांवर जा. वाकून दुसऱ्याची नखं कापणारा माणूस जिथं आहे, तिथं बाकीचंही होतं.

जेवणाच्या वेळी थांबा. भाकर मऊ आहे का, दात नसलेल्यांना वरणात कुस्करून कोणी देतं का, की ताट जसंच्या तसं परत जातं? संध्याकाळचं जेवण साडेसहाला उरकत असेल तर रात्री भूक लागल्यावर काय? साखरवाल्या माणसाला हा प्रश्न जिवाचा आहे. रात्री किती माणसं ड्यूटीवर असतात तेही विचारा. दिवसा सहा आणि रात्री एक वॉचमन, हे मी दोन ठिकाणी पाहिलं. छातीत दुखलं तर तो १०८ ला फोन लावेल, पण गाडीत कोण बसेल? वर्ध्याच्या बाजूची जागा आम्ही घेतली त्यामागं सेवाग्राम आणि सावंगीचे दवाखाने जवळ असणं हे मोठं कारण होतं.

७० वर्षांवरच्या कोणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. ऑक्टोबर २०२४ पासून आहे. ते दवाखान्यात भरती होण्यासाठी आहे. आश्रमाची फी आणि रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत, हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो.

६. वावर, घर आणि कायदा

“आश्रमात ठेवायच्या आधी वाटणी करून घेऊ” असं घरात कोणी म्हणालं की जरा थांबा. बक्षीसपत्र एकदा झालं की झालं. २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याण कायद्यात कलम २३ आहे: सांभाळ करायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. पण अट असायला हवी, नुसता सांभाळ झाला नाही म्हणून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं. जानेवारी २०२५ च्या निकालात कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूनं वाचावा असं म्हटलं, तरी तुम्ही निकालाच्या भरवशावर राहू नका. द्यायचंच असेल तर “जेवण, औषध, निवास आणि आश्रमाची फी” असे शब्द पत्रातच घाला. माझं मत विचाराल तर मृत्युपत्र बरं. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार लागतात, आणि माणूस जिवंत असेपर्यंत वावर त्याचंच राहतं.

पोरं पैसे देत नसतील तर याच कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्या एसडीओ (उपविभागीय अधिकारी) साहेबांच्या कार्यालयात, अर्ज करता येतो. दरमहा जास्तीत जास्त १० हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. मूलबाळ नसलेल्यांना वाटतं आपलं कोणी नाही. कायदा म्हणतो, ज्याच्या ताब्यात त्यांची मालमत्ता आहे किंवा ज्याला ती वारसानं मिळणार आहे, त्या नातेवाइकानं सांभाळावं. काकूचं दोन एकर वाहणाऱ्या पुतण्याला हे ऐकवल्यावर त्यानं औषधाचे पैसे लगेच सुरू केले. अर्ज करावा लागला नाही. कुठं जायचं हेच कळत नसेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन आहे.

७. ठेवायचा महिना

पहिला महिना ‘बघू’ म्हणून ठेवा आणि तसं आश्रमाला सांगा. पूर्ण अनामत आधी भरू नका. पावसाळा संपता-संपता नेलं तर बरं, उन्हाळ्यात नवी जागा अंगावर येते.

कागदांत आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, आयुष्मान कार्ड, दवाखान्याच्या फायली यांच्या झेरॉक्स द्या. एटीएम कार्ड, वावराचे कागद आणि सोनं आश्रमात ठेवायचं नाही, अगदी ओळखीचे असले तरी. पीएम किसान आणि रेशनची ई-केवायसी जायच्या आधी उरकून घ्या. मुख्य म्हणजे ओटीपी कोणाच्या फोनवर येतो हे बघा. मायचा नंबर भाच्याच्या जुन्या सिमचा निघाला आणि ते सिम बंद होतं.

तिथं मरण आलं तर मृत्यूची नोंद त्या गावच्या नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत होते, आपल्या गावात नाही, आणि २१ दिवसांत करायची असते. पुढं फेरफाराला तोच दाखला लागतो. कोणाला आधी फोन करायचा, अंत्यविधी कुठं, हे प्रवेशाच्या अर्जावर लिहून द्यावं लागतं. मायसमोर लिहिताना माझा हात थांबला. तीच म्हणाली, “लिही ना वो. आपल्याच गावात आनजा मले.”

कपड्यांवर मार्करनं नाव घाला, धुण्यात बदलतात. घरची गोधडी द्या, आणि लोटा, ज्यातून त्या पाणी पितात तो. भेटायला येण्या-जाण्याचा खर्च धरा. एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना फुकट, त्यामुळे मायला आणायला मी एकटीचेच अर्धे पैसे देते. पहिल्या पंधरवड्यात रोज फोन करू नका असं तिथल्या बाईंनी सांगितलं होतं. मी दोनदा मोडलं.

सणाला घरी नेण्याचा नियमही प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवा, कारण बऱ्याच ठिकाणी गैरहजेरीच्या दिवसांची फी कापत नाहीत. आमच्याकडे सलग आठ दिवसांच्या वर गेलं तर जेवणाचे पैसे वजा होतात. मायनं हे कुणाकडून तरी ऐकलं. यंदा पोळ्याला आली, बैलांना ओवाळलं, तान्ह्या पोळ्याला नातवाचा लाकडी बैल धरून देवळापर्यंत गेली. आठव्या दिवशी मी पिशवी भरायला घेतली, तर म्हणाली, “उद्या जाऊ. नऊ दिवस होऊ दे, मंग पैसे कापतीन.”